चेंडू पोटाशी धरून बसणाऱ्याचं काय करायचं? अर्थात, कुठला फुटबॉल बघावा

मांडवीकर

धागा काढायला कारण झाली कबड्डी. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’: गुण आणा, नाहीतर बाद व्हा. आमच्या घरातल्या ज्येष्ठ मंडळींना हा नियम मंजूर नाही. धोका कधी पत्करायचा हे चढाई करणाऱ्याने ठरवावं, नियमपुस्तकाने नव्हे, असं त्यांचं म्हणणं. वाद घालता घालता माझ्या डोक्यात आलं की जगात फुटबॉल म्हणून जे अर्धा डझन खेळ चालतात ते सगळे याच दुखण्यावर इलाज शोधत इथवर आलेत. आघाडीवर असलेला संघ खेळायचाच थांबला, तर पैसे मोजून आलेल्या माणसाने बघायचं काय?

१८८१ साली येल आणि प्रिन्स्टन या अमेरिकन विद्यापीठांचा सामना झाला. अर्धा वेळ प्रिन्स्टनने चेंडू सोडला नाही, उरलेला अर्धा वेळ येलने सोडला नाही. शून्य-शून्य. लोक वैतागले. पुढच्याच वर्षी वॉल्टर कॅम्पच्या सूचनेवरून नियम आला: तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू समोरच्याला द्या. आज ते चार प्रयत्न आणि दहा यार्ड झालंय. अमेरिकन फुटबॉलचा सगळा डोलारा त्या एका चिडचिडीवर उभा आहे.

रग्बी लीगचंही तेच. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडातले क्लब फुटून निघाले, कारण खाणी-गिरण्यांत राबणाऱ्या खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायला रग्बीचे कारभारी तयार नव्हते. वेगळी चूल मांडली म्हणजे तिकीटविक्रीवर जगणं आलं, आणि मग प्रेक्षक जांभया देऊन कसं चालेल? पंधराचे तेरा खेळाडू केले, १९६६ मध्ये चार टॅकलची मर्यादा आणली, पुढे ती सहा झाली. सहाव्यांदा पकडले गेलात की चेंडू समोरच्याकडे.

आणि आपला नेहमीचा फुटबॉल? १९९० च्या इटलीतल्या विश्वचषकात ५२ सामन्यांत ११५ गोल झाले. बचावपटू मागे पास देणार, गोलकीपर हातात उचलणार, पुन्हा जमिनीवर सोडणार, पुन्हा मागे. १९९२ मध्ये सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला पास हाताने उचलायला बंदी आली आणि खेळाचा वेगच बदलला. तरी दुखणं पुरतं गेलेलं नाही. २०२५ पासून गोलकीपरने आठ सेकंदांहून जास्त वेळ चेंडू धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो.

माझा दावा असा: मोजून संधी देणारे फुटबॉल, म्हणजे अमेरिकन आणि रग्बी लीग, क्रिकेटवर वाढलेल्या बडोदेकराला सगळ्यात आधी पचायला हवेत. चार प्रयत्न, सहा टॅकल, सहा चेंडूंची ओव्हर. हा हिशेब आपल्या हाडीमाशी आहे. तरी इथे कुणी बघत नाही. का?

सेवउसळ

काडी टाकलीत, आता धूर सोसा.

अमेरिकन फुटबॉल कुणी बघत नाही कारण तिथे बघायला काही नसतं. घड्याळात ६० मिनिटं, सामना तीन तासांचा, आणि वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये मोजलं तेव्हा प्रत्यक्ष खेळ निघाला जेमतेम ११ मिनिटांचा. उरलेला वेळ माणसं घोळका करून उभी, प्रशिक्षक लॅमिनेट केलेला कागद तोंडापुढे धरून कुजबुजतोय आणि मध्ये मध्ये जाहिराती. त्यापेक्षा सोमवारी पहाटे पाचला झोपलेलं काय वाईट? सुपर बोल, म्हणजे त्यांचा अंतिम सामना, आपल्याकडे त्याच वेळेला सुरू होतो म्हणून म्हटलं.

मांडवीकर

@सेवउसळ, ११ मिनिटांची टिंगल क्रिकेटवाल्याने करावी? कसोटीच्या अख्ख्या दिवसात चेंडू किती वेळ ‘जिवंत’ असतो ते एकदा मोजून बघा. बाकीच्या वेळात आपण फील्डिंग बदलतो, कप्तानाचा उद्धार करतो, भजी खातो. मजा तिथेच आहे. चौथा प्रयत्न, दोन यार्ड बाकी. किक मारून चेंडू लांब घालवायचा की जुगार खेळायचा? दोन खेळींमधल्या चाळीस सेकंदांत सोफ्यावरचा प्रत्येक जण प्रशिक्षक होतो. नेहमीच्या फुटबॉलमध्ये तेवढी उसंत मिळत नाही, म्हणून तिथे लोक सल्ले द्यायचं सोडून गाणी म्हणतात.

लाल_माती

मांडवीकर, आपण ज्येष्ठ मंडळींचा उल्लेख केलात. मी त्याच पंथातला, म्हणून चार ओळी लिहितो.

वेळ काढणाऱ्याला आवर घालण्याची युक्ती आपल्या खेळात मुळातच होती. दम. चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी कबड्डी’ घुमवत जायचे आणि दम तुटण्याच्या आत परत यायचे. तीस सेकंदांचे घड्याळ नंतर लावले. त्याआधी ज्याची छाती मोठी त्याला वेळ जास्त, ज्याची लहान त्याला कमी. आपण सांगितलेल्या एकाही फुटबॉलमध्ये खेळाडूचा श्वास हे घड्याळ नाही. उत्तम चढाईपटूचा आवाज शेवटच्या क्षणी कसा खाली जातो, पकडणाऱ्याने घोटा धरला की तोच आवाज कसा घशात घुसमटतो, पंच ओणवा होऊन कान कसा लावतो, हे मैदानाच्या कडेला बसून ऐकलेल्याला टीव्हीवरचे उलटे आकडे गोड लागत नाहीत.

आणखी एक. फुटबॉलचे इतके प्रकार कसे, याचे आपल्याला नवल वाटायला नको. कबड्डीतही संजीवनी होती, गामिनी होती, अमर होती. संजीवनीत गुण मिळाला की बाद झालेला गडी पुन्हा उठे. गामिनीत बाद तो बाद, सगळा संघ गारद होईपर्यंत बाहेर. अमरमध्ये बाद होऊनही मैदानातच राहायचे, फक्त गुण मोजायचा. प्रत्येक गावाला आपलाच प्रकार खरा वाटे. त्यातून एक नियमावली बसवण्याचे काम झाले त्यात आपल्या हिंदविजय जिमखान्याचा मोठा वाटा. १९२३ साली सुधारलेल्या नियमांनी अखिल भारतीय स्पर्धा बडोद्यात भरली. फुटबॉलची एकच नियमावली ठरवायला बसलेल्या इंग्रजांना १८६३ मध्ये लंडनच्या खाणावळीत जे जमले नाही ते इथे जमले. तिथे नडगीवर लाथ मारू द्यायची की नाही यावरून ब्लॅकहीथचा क्लब उठून गेला, आणि १८७१ मध्ये रग्बीवाल्यांनी आपली वेगळी संघटना काढली.

सेवउसळ

काका, नडगीवर लाथ मारायला मिळावी म्हणून सभात्याग! कडक माणसं. +१

मेलबर्नची_बडोदेकर

दोन दिवस नुसती वाचत होते, आता राहवत नाही. मोतीबागेच्या वाऱ्यावर वाढलेल्या मुलीला ऑस्ट्रेलियन फुटबॉल का चिकटला ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे मैदान. लंबगोल, म्हणजे सरळ क्रिकेटचंच मैदान. हिवाळ्यात क्रिकेटपटू सुस्तावू नयेत म्हणून काहीतरी खेळ हवा, असं पत्र तिथल्या टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये लिहिलं, आणि पुढच्या वर्षी मेलबर्न क्लबाचे नियम कागदावर आले. एका बाजूला अठरा खेळाडू, ऑफसाइड नाही, मैदान कुणाच्याही बापाचं नाही. चार खांब असतात. मधल्या दोहोंतून किक गेली तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेली तर एक. नेम चुकला तरी एक गुण देणारा हा खेळ आहे, आणि सुरुवातीला मला ती खैरात वाटली होती. पण शेवटच्या पाच मिनिटांत संघ दोन गुणांनी मागे असला की त्या सुट्या एकेका गुणाने जीव टांगणीला लागतो.

मांडवीकरांच्या प्रश्नाचं इथलं उत्तर तर मला सगळ्यात आवडतं. चेंडू घेऊन पळायचं असेल तर दर पंधरा मीटरला तो जमिनीवर टप्पा देऊन किंवा टेकवून दाखवा. तो अंडाकृती चेंडू पळता पळता उसळवून परत हातात घेणं काय चीज आहे ते करून बघा. आणि सोडायची संधी असूनही तुम्ही धरून ठेवलात आणि कुणी पकडलं, तर फ्री किक समोरच्याला. पंचाची शिट्टी वाजायच्या आत अख्खं स्टेडियम ‘बॉऽऽऽल’ म्हणून ओरडतं. ऐंशी-नव्वद हजार माणसं एका सुरात. म्हणजे चेंडू दाबून बसणाऱ्याचं काय करायचं हे इथे लोकच सांगतात, पंच फक्त दुजोरा देतो. (निम्म्या वेळा लोकांचं चुकलेलं असतं, पण ओरडण्यात हयगय नाही.)

दुसरी गोष्ट, दोन्ही संघांचे लोक मिसळून बसतात. माझ्या डावीकडे कॉलिंगवूड क्लबची आजी, उजवीकडे कार्लटन क्लबचं अख्खं कुटुंब. आजी समोरच्याला जे बोलते ते इथे लिहिता येणार नाही, आणि मध्यंतरात त्याच कुटुंबातल्या पोराला स्वतःच्या डब्यातलं खायला देते.

अंतिम सामना सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमारास. सेव उसळ आणा आणि बसा. २०१० ला तो बरोबरीत सुटला, तर तेव्हा जादा वेळ वगैरे काही नव्हतं: पुढच्या शनिवारी सगळे पुन्हा हजर!

होळकरी

इंदूरहून नमस्कार भिया लोक. बडोदेकरांशी आमचा हिशेब १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यापासून बाकी आहे. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी आमच्या होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली. फील्डिंग करणाऱ्यांचे पाय अजून दुखत असतील.

मुद्द्याचं बोलतो. तुम्ही सगळे वेळकाढूपणावर बोलताय. साध्या फुटबॉलची खरी गोडी गोल कमी होण्यात आहे. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल, म्हणजे सामन्याला तीनही नाहीत. त्यामुळे दुबळा संघ दिवसभर मार खाऊन दोनदा पुढे जातो आणि जिंकून येतो. त्याच स्पर्धेत सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ ने हरवलं, आणि चषक शेवटी अर्जेंटिनानेच नेला. १९११ ला मोहन बागानची अनवाणी पोरं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड घेऊन गेली, ती रग्बीत गेली असती का? जिथे दर पाच मिनिटांनी गुण पडतात तिथे शेवटी दांडगाच जिंकतो. गरीब माणूस हा खेळ का बघतो, तर त्यात त्याचा नंबर लागू शकतो म्हणून.

काळाघोडा

होळकरी, ५७७ ची आठवण स्वतःहून काढलीत, मोठं मन तुमचं.

पण रग्बीत दुबळा जिंकत नाही हे कोण म्हणालं? २०१५, ब्रायटन, जपान विरुद्ध दक्षिण आफ्रिका. शेवटच्या क्षणी जपान तीन गुणांनी मागे आणि पेनल्टी मिळालेली. किक मारली असती तर तीन गुण आणि बरोबरी, तीही दोन वेळच्या जगज्जेत्यांशी. त्यांनी किक नाकारली, स्क्रम (दोन्हीकडची आठ-आठ माणसं एकमेकांना भिडून चेंडूसाठी ढकलाढकली करतात तो) घेतला, चेंडू एका कडेकडून दुसऱ्या कडेला फिरवला आणि कोपऱ्यात ट्राय केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला. ३४-३२. हा सामना बघितला नसेल तर हा धागा बंद करा आणि तो शोधा.

रग्बी युनियनमध्ये ८० मिनिटं झाली की खेळ लगेच संपत नाही, हेही त्यात दिसतं. चेंडू मरेपर्यंत चालूच. मागे असलेला संघ मिनिट-मिनिट चेंडू जिवंत ठेवून दुसऱ्या टोकापर्यंत सरकू शकतो. पुढे असलेल्याच्या हाती चेंडू आला की तो लाथ मारून बाहेर घालवतो आणि संपतं. २०२३ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेने उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम हे तिन्ही सामने एकेका गुणाने जिंकले: २९-२८, १६-१५, १२-११. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तो संघ टाळावा.

आणखी एक गोष्ट मला लळा लावून गेली. पंचाच्या छातीला माइक असतो आणि तो काय बोलतो ते आपल्याला ऐकू येतं. ‘क्राउच, बाइंड, सेट’ म्हणत तो पावणेदोन टनांची माणसं एकमेकांवर सोडतो. मग एखाद्या सव्वाशे किलोच्या गड्याला बाजूला बोलावून शाळामास्तरासारखं समजावतो, आणि गडी मान खाली घालून ‘येस सर’. नेहमीच्या फुटबॉलमध्ये रेफ्रीभोवती दहा जणांचं कोंडाळं बघून आलेल्याला हे फार बरं वाटतं.

मात्र कबूल करावं लागेल की रक नावाचा जो माणसांचा ढीग असतो त्यात शिट्टी का वाजली ते नवख्याला कळत नाही. जुन्याला तरी कुठे कळतं? आणि कोसळलेला स्क्रम पुन्हा पुन्हा लावण्यात मिनिटं जातात. मांडवीकरांचं दुखणं इथे आहेच.

अवांतर: इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या कलकत्ता कपसाठी भांडतात तो आपल्या रुपयांचा आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब १८७८ च्या आसपास मोडला तेव्हा बँकेतले उरलेले चांदीचे रुपये वितळवून तो घडवला. मुठींना नाग, झाकणावर हत्ती. खेळ इथे रुजला नाही, चांदी तेवढी गेली.

ओट्यावरून

वाचतेय. एक भाबडा प्रश्न. आमच्या घरात रिमोट सासऱ्यांकडे, फोन मुलाकडे, मला मिळतात वीस मिनिटं. एवढ्यात काय बघू?

काळाघोडा

@ओट्यावरून, तुमच्यासाठीच रग्बी सेव्हन्स आहे. सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन अर्धे, मैदान मात्र तेवढंच मोठं. त्यामुळे चेंडू दाबून बसायला ढीगच होत नाही, नुसती पळापळ. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये फिजीने ब्रिटनला ४३-७ ने लोळवून देशाचं पहिलंवहिलं पदक आणलं, तेही सुवर्ण. आपल्याकडेही २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, ती सेव्हन्सचीच.

लिफीकाठी

डब्लिनहून. गेलिक फुटबॉलचं नाव अजून कुणीच काढलं नाही म्हणून लॉगिन केलं.

पंधरा-पंधरा खेळाडू, हातापायांनी चालणारा गोल चेंडू. गोलच्या आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, दांडीखालून जाळ्यात गेला तर तीन. चार पावलं झाली की टप्पा द्या किंवा स्वतःच्याच पायावरून उडवून हातात घ्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खेळणाऱ्याला पगार नाही. इथल्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये ८२ हजार लोकांपुढे खेळून आलेला माणूस सोमवारी कामावर. माझ्या मुलाला गणित शिकवणारे सर काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) संघात आहेत. अंतिम फेरीच्या दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरांनी त्यांच्याकडून हुकलेल्या फ्री किकचा कोन फळ्यावर काढून ठेवला होता. पगारी खेळाडूला असं छळता येत नाही. तुम्ही जिथले त्याच काउंटीकडून खेळायचं, लिलाव नाही, बदली नाही.

मांडवीकर, तुमचं दुखणं इथेही झालं होतं आणि चांगलंच बळावलं होतं. पंधराच्या पंधरा जण आपल्या गोलसमोर भिंत करून उभे राहायचे आणि समोरचा संघ बाहेर हातानेच चेंडू इकडून तिकडे फिरवत बसायचा. जुने लोक मैदानात यायचे बंद झाले. मग २०२५ मध्ये नियम बदलले: प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू समोरच्याच्या अर्ध्यात राहिलेच पाहिजेत, आणि चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्याला एकाऐवजी दोन गुण. त्या वर्षी केरीने डोनेगलला हरवलं तो गुणफलक बघा: १-२६ विरुद्ध ०-१९. म्हणजे २९ विरुद्ध १९. भिंत पडली.

मैदानाबद्दलही सांगायला हवं. १९२० च्या नोव्हेंबरात ब्रिटिश सशस्त्र दलांनी याच क्रोक पार्कमध्ये चालू सामन्यात गोळीबार केला, चौदा जण गेले, त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन होता. त्यानंतर परके खेळ तिथे चालणार नाहीत हा नियम लोकांनी किती कवटाळला असेल ते समजा. तो २००५ मध्ये सैल झाला आणि २००७ मध्ये इंग्लंडचा रग्बी संघ तिथे आला. इंग्लंडचं राष्ट्रगीत सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आयर्लंडने ४३-१३ ने धुतलं.

सेवउसळ

आता माझं गाडं नीट रुळावर आलं. मांडवीकर, तुमचं उत्तर लिफीकाठींनी दिलंय. चार प्रयत्न की सहा टॅकल हे नंतरचं. आधी माणसाला आपली बाजू लागते. आजीला कॉलिंगवूड आहे, गणिताच्या सरांना काउंटी आहे. बडोद्याला यातलं काय आहे? रणजीला बडोदा नावाचा संघ आहे म्हणून २००० - ०१ ला तो जिंकला तेव्हा रावपुऱ्यात पेढे वाटले गेले. आयएसएल या आपल्या फुटबॉल लीगमध्ये आपलं गाव नाही. मग रात्री दीडला मँचेस्टरसाठी जागरण करणारी पोरं मला उसन्या लग्नात नाचणाऱ्यांसारखी वाटतात. नाचतात झकास, पण नवरा कोण ते माहीत नाही.

मांडवीकर

@सेवउसळ, नाचणाऱ्याला जलसा महत्त्वाचा, नवरा कशाला माहीत हवा? आणि बाजू आधी लागते हे खोटं आहे. पोलो ग्राउंडवर पावसाळ्यात चिखलात खेळणाऱ्या पोरांकडे अर्धा तास उभं राहून बघा. दोन्ही संघ अनोळखी, आणि दहाव्या मिनिटाला तुम्ही एकाच्या बाजूने बोंबलत असता. बाजू खेळ तयार करतो. पण त्यासाठी खेळ चालू राहायला हवा. गोलकीपर चेंडूवर झोपून राहिला तर तुम्ही घरी जाल.

गेलिकच्या लोकांनी नियम का बदलले? काउंटी होती, आजोबा-पणजोबांचं प्रेम होतं, तरी लोक यायचे थांबलेच ना?

लिफीकाठी

यायचे थांबले हे खरं, पण नियम बदलावेत म्हणून भांडायला तेच आले. ज्याची बाजू नसते तो भांडत नाही, चॅनल बदलतो.

लाल_माती

लिफीकाठी, हे आवडले. आम्ही ‘करो या मरो’वर भांडतो तेही याचसाठी.

मांडवीकर

काका, मग तो नियम मान्य?

लाल_माती

मुळीच नाही.

मेलबर्नची_बडोदेकर

भांडण मिटवायचं असेल तर एक सुचवते. मांडवीकरांना मोजणी हवी, सेवउसळ यांना बाजू. रग्बी लीगची स्टेट ऑफ ओरिजिन मालिका बघा. १९८० पासून क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स ही ऑस्ट्रेलियातली दोन राज्यं, आता वर्षाला तीन सामने. सध्या कुठल्या क्लबात खेळता याला किंमत नाही, मुळात कुठले ते विचारतात. एरवी एकाच क्लबात गळ्यात गळे घालणारे त्या रात्री एकमेकांच्या बरगड्या मोजतात. सहा टॅकलचा हिशेब चालूच असतो, पाचवी झाली की सगळं स्टेडियम उभं राहतं. मी मेलबर्नची असूनही हे लिहितेय, इथे कुणाला सांगू नका.

सामने बहुधा बुधवारी, आपल्याकडे दुपारी साडेतीनच्या सुमारास.

सेवउसळ

बुधवारी दुपारी साडेतीनला ऑफिसात काय सांगू? बरं ते बघतो. आपली बाजू कुठली? मी क्वीन्सलँड घेतलं, त्यांच्या जर्सीचा मरून रंग चांगला दिसतो.

मांडवीकर

मी पण क्वीन्सलँडच म्हणणार होतो. तुम्ही घेतलंत ना, मग माझं न्यू साउथ वेल्स.

होळकरी

इंदूर क्वीन्सलँडसोबत. मांडवीकर असतील त्याच्या विरुद्ध, १९४७ पासून.